नवव्या म्यानातली चकमक

बाळांनो, आणि बाळांच्या आडून कान देऊन बसलेल्या मोठ्यांनो, ही फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी की तेव्हा डोंगरांना अजून नावं पडली नव्हती. लोक नुसतं ‘हा डोंगर’ आणि ‘तो डोंगर’ म्हणत. आधीच सांगून ठेवतो, ही गोष्ट हसवणारी नाही. ज्याला हसायचं असेल त्याने दुसऱ्या कुणाच्या ओसरीवर जाऊन बसावं.

त्या डोंगरांत एक राज्य होतं. तिथल्या प्रत्येक पुरुषाच्या कमरेला कुकरी असे. वाकड्या पात्याची, जड, एका घावात फांदी उतरवणारी. पण म्यानात ती एकटी नसे. म्यानाच्या पाठीला दोन छोटे कप्पे असत, आणि त्यांत तिची दोन धाकटी भावंडं बसलेली असत.

एक होता कर्दा. बोटभर पात्याची धारदार सुरी. काटा काढायचा, दोरी कापायची, फळ सोलायचं, ही त्याची कामं.

दुसरी होती चकमक. दिसायला अगदी कर्द्यासारखी, तेवढीच लांब, तशीच मूठ. पण तिला धार नसे, ना या बाजूला ना त्या बाजूला. कुकरीची धार मुरडली की ती चकमकीवर घासून सरळ करायची. आणि थंडीवाऱ्यात जाळ हवा असेल तर गारगोटीवर चकमक झाडायची, खाली जळका कापूस धरायचा. ठिणगी पडली, कापसाने धरली, की माणूस वाचला.

आता या चकमकी करणारा एक लोहार त्या राज्यात होता. त्याच्यासारखी चकमक दुसऱ्या कुणाला जमत नसे. सगळी गंमत पाणी देण्यात होती. लाल तापलेलं पोलाद गार पाण्यात बुडवलं की ते कडक होतं. त्याला पाणी देणं म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. लोहार चकमकीला सगळ्यांत कडक पाणी द्यायचा. इतकं कडक की त्या पोलादाला धार काढायला गेलात तर ते काचेसारखं तडकेल. त्या कडकपणातच ठिणगी होती. म्हणून तर तिला बोथट ठेवत.

लोहाराला बायको होती आणि एकच मुलगा होता. मुलाने बापाच्या हाताखाली दोन वर्षं भाता ओढला, पण भट्टीशी त्याचं काही जमलं नाही. शेवटी तो खिंडीवरच्या पहाऱ्यात भरती झाला.

ही खिंड म्हणजे राज्याचा उंबरठा. हिवाळ्यात तिथे माणूसभर बर्फ पडे. वर एक दगडी झोपडी होती आणि तिच्यात नऊ पहारेकरी राहत. पलीकडून येणारा कुणी वाटसरू बर्फात सापडला, तर झोपडीचा धूर बघत तो तिथवर पोचे आणि जगे. झोपडीतली चूल शरदात खालून निखारा नेऊन पेटवायची ती वसंतापर्यंत विझू द्यायची नाही. आणखी एक प्रथा होती. चूल पेटती असताना चकमक झाडायची नाही. झाडली तर अग्नीला वाटतं, हे लोक माझ्या मरणाची सोय करून बसलेत, आणि तो रागावतो. अग्नी खरंच रागावतो की नाही, मला विचारू नका. प्रथा होती आणि सगळे पाळत होते, एवढं खरं.

तर झालं असं. शस्त्रपूजेच्या दिवशी राजा स्वतः पहारेकऱ्यांची शस्त्रं बघायला मैदानात उतरला. राजा वाईट होता असं मी म्हणणार नाही. तो घाईचा होता. आणि घाईच्या माणसाच्या हातात राज्य असलं की सगळ्यांनाच पळावं लागतं.

राजाने एका पहारेकऱ्याची कुकरी उपसली. लखलखीत. कर्दा उपसला. झकास. मग चकमक उपसली आणि तिच्यावरून अंगठा फिरवला. अंगठ्याला काहीच झालं नाही.

“हे काय?” राजा म्हणाला. “माझ्या पहारेकऱ्याकडे बोथट पातं?”

त्याने दुसऱ्याची चकमक काढली, तिसऱ्याची काढली. सगळ्या बोथट. शेजारच्या राज्याचा वकील बाजूलाच उभा होता. तो ओठांतल्या ओठांत हसला. आता हा राजा लहानपणापासून गालिच्यावर चाललेला. त्याच्यासाठी जाळ नेहमी दुसऱ्याच कुणीतरी पेटवलेला. त्याला काय ठाऊक!

“ही पाती कुणी केली?”

लोहाराला पुढे ढकललं गेलं. हजार माणसं बघत होती.

“ही बोथट का आहे?” राजाने विचारलं.

बाळांनो, इथे नीट लक्ष द्या. राजाने विचारलं. सरळ, स्वच्छ प्रश्न विचारला. लोहाराला उत्तर येत होतं. साऱ्या राज्यात त्याच्याइतकं पक्कं ते उत्तर कुणालाच येत नव्हतं.

पण त्याला एक गवंडी आठवला. दोन वर्षांपूर्वी त्या गवंड्याने भर दरबारात सांगितलं होतं, “महाराज, बुरुजाचा पाया कच्चा आहे.” त्याला दगडाच्या खाणीवर धाडण्यात आलं. पुढे बुरूज पडला, पण गवंडी काही परत आला नाही.

“महाराज, ती...” लोहार म्हणाला. प्रधान खाकरला.

“चूक झाली, महाराज,” तो म्हणाला.

राजा खूश झाला. चूक कबूल करणारी माणसं त्याला आवडत. “मग दुरुस्त कर. माझ्या राज्यात एकही पातं बोथट राहता कामा नये. हिलाही कर्द्यासारखी धार लाव. तू आजपासून राजलोहार.” आणि त्याने लोहाराच्या डोक्यावर तांबडं पागोटं ठेवलं.

दवंडी फिरली. चकमकींचा ढीग भट्टीपुढे येऊन पडला. लोहाराने एकेक चकमक तापवली, तिचं कडक पाणी उतरवलं, पोलाद मऊ केलं, आणि मग सहाणेवर तिला धार काढली. दिसायला सुंदर दिसत होत्या. पण पाणी उतरलं तशी प्रत्येकीतली ठिणगी गेली होती, आणि हे त्या एका माणसाला सोडून कुणालाही ठाऊक नव्हतं. गावात घरोघरी चुलीत निखारा असायचा. कुणाला चकमक झाडून बघायची गरजच पडली नाही.

शेवटी खिंडीवरच्या नऊ जणांच्या चकमकी आल्या. आठ त्याने घासल्या. नववी हातात घेतली आणि तो थांबला. ती त्याच्या मुलाची होती.

दारात बायको उभी होती. ती बराच वेळ बघत होती.

“अहो, तीच का बाजूला ठेवलीत?”

“राहू दे तशीच.”

“का?”

मग लोहाराने तिला सगळं सांगितलं. घरात बोलायला त्याला भीती नव्हती.

बायकोने पदर तोंडाशी धरला. “म्हणजे या आठांतून जाळ निघणार नाही?”

“नाही.”

“त्या आठ जणांनाही घर आहे. त्यांच्यापैकी कुणाची आई आहे, कुणाची बायको आहे. सांगा की त्यांना.”

“कुणाला सांगू? एकाला सांगितलं की नवांना कळणार, नवांना कळलं की राजाला कळणार. मग माझे हात राहतील का?” लोहार वैतागला. “आणि अगं, झोपडी एक, चूल एक. नऊ जणांना जाळ लावायला एक चकमक पुरते. आपल्या पोराची आहे ना शाबूत? मग सगळेच वाचले की!”

बायको आत वळली. हिशोब तर बरोबर होता. चुकीच्या कामाला बरोबर हिशोब फार पटकन सापडतो, हे मी आयुष्यभर बघत आलोय.

वर जायच्या दिवशी मुलगा पाया पडायला आला. लोहाराने त्याची चकमक स्वतःच्या हाताने म्यानात सरकवली.

“बाबा, हिला धार लावायची राहिली,” मुलगा म्हणाला.

“राहू दे. ही कुणाला दाखवू नकोस.”

“पण का?”

“का ते विचारू नकोस. बाप सांगतो म्हणून ऐक.”

मुलाने मान डोलावली. तो गुणी होता, बापाचा शब्द त्याने आजवर मोडला नव्हता. पण बघा, बापाने त्याला हुकूम दिला, हुकमामागचं कारण दिलं नाही. मुलगा मनाने साफ होता. त्याच्या पोटात काही राहत नसे, आणि बापाला नेमकी त्याचीच धास्ती होती.

हिवाळा आला. खिंडीत बर्फ साचू लागला. धूर मात्र रोज दिसायचा, आणि लोहार रोज सकाळी अंगणात उभा राहून तो बघायचा.

मग एकदा चार दिवस सलग वादळ झालं. डोंगर दिसेनासा झाला. पाचव्या दिवशी आभाळ उघडलं, तेव्हा खिंडीवर धूर नव्हता.

लोहार बायकोला म्हणाला, “पेटवतील. त्यांच्याकडे चकमक आहे.”

सहाव्या दिवशी धूर नव्हता. सातव्या दिवशीही नव्हता. वाट इतकी बुजली होती की वर जाणं कुणालाच शक्य नव्हतं. लोहार अंगणातून हलेना. बायको त्याच्यासमोर भाकरी ठेवायची आणि तशीच उचलून न्यायची.

विसाव्या दिवशी एक माणूस लोहाराच्या दाराशी आला. पहाऱ्यातला सगळ्यांत जुना गडी. त्याच्या उजव्या हाताला दोनच बोटं उरली होती. बर्फातून खाली पहिल्या वस्तीपर्यंत निखारा आणायला तो एकटा उतरला होता. वस्ती गाठली, पण परत वर जायला वाट उरली नाही. आता वाट उघडली होती, आणि वर जाऊन आलेल्या लोकांनी आठ म्यानं खाली आणली होती. माणसांना वरच अग्नी दिला होता. त्या माणसांना मिळालेला शेवटचा जाळ तो, आणि तो खालून न्यावा लागला.

जुना पहारेकरी उंबऱ्यावर बसला. आत ये म्हटलं तर आला नाही.

“भर दुपारी छप्पर कोसळलं,” तो म्हणाला. “सगळा बर्फ चुलीवर. आम्ही उकरून काढली, पण राखेचा चिखल झाला होता. तरी घाबरलो नाही आम्ही. नऊ जणांकडे नऊ चकमकी होत्या ना! एकाने झाडली, काही नाही. वाटलं कापूस दमट असेल. दुसऱ्याने झाडली, मग तिसऱ्याने. गारगोट्या बदलल्या. बोटं फुटली. आठ झाल्या, आणि ठिणगी म्हणून नाही.”

लोहाराची बायको भिंतीला टेकून उभी होती.

“तेव्हा तुमच्या पोराचं तोंड पांढरं पडलं. म्हणाला, माझी बाबांनी बोथट ठेवली होती. बाकीचे ओरडलेच, मग काढ की! त्याने काढली. तिला धार होती.”

“नाही,” लोहार म्हणाला. “तिला मी धार लावली नव्हती.”

“तुम्ही नाही. त्याने लावली.” पहारेकऱ्याने एक म्यान पुढे सरकवलं. “राजाचा कारभारी पाती तपासायला वर येणार, असा निरोप आला होता. पोरगा दोन दिवस जेवला नाही. शेवटी मला म्हणाला, काका, बाबांचं वय झालंय, इतक्या पात्यांत माझं राहून गेलं असणार, आणि आता लाजेने सांगत नाहीत. राजलोहाराच्याच मुलाकडे बोथट पातं सापडलं तर बाबांचे हात जातील. मग त्याने ती चुलीत घातली, लाल केली, राखेत हळूहळू निवू दिली. पोलाद मऊ कसं करायचं ते तुमच्याकडेच शिकला होता. आणि चार रात्री, बाकीचे झोपले की, दारातल्या दगडावर घासत बसला. कारभारी आलाच नाही. त्याआधी वादळ आलं.”

लोहाराने म्यानाच्या पाठीमागून चकमक काढली. वेडीवाकडी धार होती. कुठे जास्त घासलेली, कुठे कमी. शिकाऊ हाताचं काम. त्याने ती गारगोटीवर झाडली. नुसता खरखर आवाज झाला.

“मी निघालो तेव्हा तो मला म्हणाला, बाबांना सांगू नका मी घासली म्हणून. सांगा की बर्फच फार होता.” जुना पहारेकरी उठला. “मी सांगणार नव्हतो. पण वर आणखी सात होते, लोहारदादा. त्यांना तुम्ही काहीच सांगितलं नव्हतंत. म्हणून सांगितलं.”

तो निघून गेला. लोहाराने पागोटं डोक्यावरून काढलं, ते तसंच हातात धरलं आणि अनवाणी दरबारात गेला. आता त्याला कशाचीच भीती उरली नव्हती. भीती जाते ती अशी, जपायचं काही उरलं नाही म्हणजे जाते.

“महाराज,” तो म्हणाला, “चकमक बोथट का असते ते सांगायला आलोय.” आणि त्याने सगळं सांगितलं.

राजाने ऐकून घेतलं. सगळा दरबार खाली बघत होता. मग राजा म्हणाला, “मी तुला विचारलं होतं. तेव्हा का नाही सांगितलंस?”

लोहाराने हातातलं पागोटं राजापुढे ठेवलं. तेव्हा खरं सांगितलं असतं तर राजाने ऐकलं असतं, की त्यालाही खाणीवर धाडलं असतं? मला ठाऊक नाही. लोहारालाही ते कधी कळलं नाही, आणि न कळताच त्याला पुढची सगळी वर्षं काढावी लागली.

राजाला वाईट वाटलं का, तेही मला ठाऊक नाही. दवंडी मात्र त्याच दिवशी फिरली, पहिल्या दवंडीइतक्याच मोठ्या आवाजात: चकमकी पूर्ववत बोथट कराव्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोहाराने भट्टी पेटवली. दाराशी बायका येऊन उभ्या होत्या. वर गेलेल्यांच्या आया, बायका, एकीची बहीण. प्रत्येकीच्या हातात एक चकमक. कुणी रडलं नाही, कुणी शिव्या दिल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर लोहाराला बरं वाटलं असतं.

पहिली पुढे आली. “एवढं पाणी चढवून द्या,” ती म्हणाली. “कुणाच्या तरी कामाला येईल.”

लोहाराने धार मोडली, चकमक लाल केली, पाण्यात बुडवली. गारगोटीवर झाडून बघितली. ठिणगी पडली. बाईने ती ठिणगी बघितली, चकमक घेतली आणि गेली.

दुसरी आली. तिसरी आली. प्रत्येकीला त्याने ठिणगी पाडून दाखवली. अशा सात झाल्या. त्याने घामेजलेलं तोंड पुसलं आणि मान वर केली.

रांगेत अजून एक बाई होती. त्याची बायको. ती घरातून भट्टीत आली नव्हती. मागच्या दाराने बाहेर पडून, वळसा घालून, इतर बायकांच्या मागे उन्हात उभी राहिली होती. तिच्या हातात वेड्यावाकड्या धारेची चकमक होती.

तिने ती पुढे केली. नवऱ्याकडे बघितलं, पण अनोळखी माणसाकडे बघावं तसं.

“एवढं पाणी चढवून द्या,” ती म्हणाली. “कुणाच्या तरी कामाला येईल.”

लोहार त्यानंतर पुष्कळ वर्षं जगला. त्याच्या हातची प्रत्येक चकमक घ्यायला येणाऱ्याला तो आधी बसवायचा, ती बोथट का आहे हे सांगायचा, आणि त्याच्याकडून परत वदवून घ्यायचा. लोक कंटाळायचे, पण तो सोडायचा नाही. त्याची बायको त्याच घरात राहिली. तिने त्याला रोज जेवायला वाढलं, आणि त्याला पुन्हा कधी काही विचारलं नाही.

बोध: सगळ्यांचा जीव वाचवणारं सत्य जो फक्त आपल्या माणसापुरतं राखून ठेवतो, त्याच्या माणसालाही ते वाचवत नाही.